डाइव्हिंगचा टॉर्च निवडताना: ल्युमेन की अंश?

पहिला डाइव्हिंग टॉर्च घेताना मी फक्त ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा पाहिला. २५०० ल्युमेन, बीम (झोताचा पसारा) १२० अंशांचा. उजेड जितका जास्त तितकं बरं, एवढंच डोक्यात. तो घेऊन अंदमानात हॅवलॉकला पहिल्या नाइट डाइव्हला उतरले.

टॉर्च लावला आणि समोर पांढरं धुकं उभं राहिलं. पावसाळ्यात आंबोली घाटात गाडीचा अप्पर मारल्यावर होतं, अगदी तसं. रुंद झोत पाण्यातला कण न् कण उजळतो आणि तोच उजेड उलटून आपल्या डोळ्यांवर येतो. त्याहून पंचाईत झाली ती खुणांची. रात्री पाण्याखाली टॉर्चनेच बोलायचं असतं: वाळूवर सावकाश गोल फिरवला की 'ठीक आहे', भराभर आडवा हलवला की 'मदत हवी'. माझ्या झोताला कडाच नव्हती. मी गोल फिरवत होते आणि बडीला, म्हणजे जोडीच्या डायव्हरला, नुसता सगळीकडे उजेड दिसत होता. दोनदा तो झोत त्याच्या डोळ्यांवर गेला, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या रात्री इन्स्ट्रक्टरनी त्यांचा अरुंद बीमचा टॉर्च दिला. "ताई, हा धरून बघा." ल्युमेन निम्म्याहून कमी, पण वाळूवर थाळीएवढा स्वच्छ गोल पडला आणि माझी खूण बडीला लगेच कळली.

घरी येऊन गणित मांडलं. १००० ल्युमेन १०० अंशांत पसरले तर तीव्रता, म्हणजे एका दिशेला जाणारा उजेड, साधारण ४५० कँडेला. तेच १० अंशांत कोंडले तर ४० हजारांच्या वर! कोन दुप्पट केला की तीव्रता साधारण चौथाईवर येते. (हे कागदावरचं, खऱ्या टॉर्चमध्ये मधला ठिपका आणि बाजूची फिकी कड यांत उजेड वाटला जातो.) शिवाय सपाट काचेतून पाण्यात शिरताना झोत आक्रसतो. हवेतले १० अंश पाण्यात साडेसात होतात, १२० तर ८०च्या आसपास येतात. खोक्यावरचा आकडा हवेतला की पाण्यातला, हे दुकानात विचारून घ्याच.

मी १००० ल्युमेन, १० अंशांचा घेतला. रात्री गच्चीवर जाऊन भिंतीपासून बरोबर दोन मीटरवर टॉर्च धरला आणि टेपने गोल मोजला. ३५ सेंटिमीटर भरला, म्हणजे १० अंश खरे. जुना रुंद टॉर्च व्हिडिओ करणाऱ्या मैत्रिणीला दिला. तिला झोताची कड चित्रात नकोच असते. आता नाइट डाइव्हला जॅकेटच्या खिशात एक छोटा बॅकअप टॉर्चही ठेवते, त्यात काटकसर नाही.

डिसेंबरात मालवणला गेले. पाणी गढूळच होतं, चार-पाच मीटरपलीकडे काही दिसेना. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत न धरता हात लांबवून बाजूने धरला, तेव्हा समोरचं धुकं बरंच विरळ झालं. मातकट दिसणाऱ्या स्पंजवर झोत टाकला तर तो भडक नारिंगी निघाला, कारण लाल रंग पहिल्या काही मीटरांतच पाण्यात विरतो. मग एका कपारीतून शेवंडीच्या (लॉब्स्टरच्या) दोन लांब मिशा बाहेर दिसल्या. पूर्ण उजेड पडताच ती आत सरकली. मी टॉर्च सगळ्यात मंद पायरीवर आणला, झोताची नुसती कड कपारीच्या तोंडाशी ठेवली आणि थांबले. थोड्या वेळाने आधी मिशा आल्या, मग काळे डोळे.