खरेदी विभाग आणि माझं एन्झाइम: माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला नॅप्थॅलीन डायऑक्सिजनेज (नॅप्थॅलीन मोडायला सुरुवात करणारं बॅक्टेरियातलं एन्झाइम) घेताय? मग आधी खरेदी विभागात ओळख काढा. बॅक्टेरिया काय, मिळतातच.

स्यूडोमोनास हा नॅप्थॅलीन खाणारा बॅक्टेरिया पेट्रोल पंपाजवळच्या तेलकट मातीतून सहज मिळाला. मिनरल मीडियमची (नुसते क्षार, कार्बनचं खाणं नाही) प्लेट उलटी, झाकणात नॅप्थॅलीनचे खडे, त्याची वाफ हेच खाणं. (कपाटातली डांबरगोळी नको, बऱ्याच गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात.)

हे एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनचे दोन्ही अणू नॅप्थॅलीनवर बसवतं आणि लागणारे इलेक्ट्रॉन एनएडीएच या पेशीतल्या रेणूकडून घेतं. पेशी फोडून एन्झाइमचं काम मोजायचं तर एनएडीएच बाहेरून घालावं लागतं, म्हणजे विकत आणणं आलं. इथे घोडं पेंड खायला लागलं.

तीन कोटेशनं दिली. एकात जीएसटी वेगळा, दोनांत धरलेला, म्हणून तक्ता परत. मग खर्चाचं हेड चुकीचं, म्हणून परत. सही झाली तर शिक्का राहिला. लेखा विभागातले साहेब किंमत बघून म्हणाले, "एवढ्याशा पावडरीला एवढे पैसे? मॅडमना विचारा, स्वस्तातलं चालेल का." शेवटी माल आला तो शुक्रवारी संध्याकाळी, आणि आम्हाला कळवलं कुणीच नाही. उणे 20 अंशांत ठेवायची बाटली सोमवारपर्यंत स्टोअरच्या टेबलावर! जेलपॅक कोमट, झाकण सैल, आत ओलसर गोळा. एनएडीएच जिथे प्रकाश शोषतं त्या 340 नॅनोमीटरला अपेक्षेच्या निम्मंही शोषण मिळेना. स्टोअरवाले म्हणे, "इनवर्डला नोंद आहे ना?" अजून आठवलं की डोकं फिरतं.

लॅबमधली सीनियर ताई म्हणाली, "पेशी फोडतेस कशाला? जिवंत पेशी एनएडीएच आपलं आपण बनवते. इंडोल दे." हेच एन्झाइम इंडोललाही ऑक्सिजन जोडतं, पुढे इंडॉक्सिल होतं आणि हवा लागली की नीळ (इंडिगो). या एन्झाइमची जनुकं ई. कोलाय या बॅक्टेरियात घालून 1983 मध्ये एन्सली आणि सहकाऱ्यांनी नीळ बनवून दाखवली होती. इंडोलच्या वासाने अख्खी लॅब माझ्यावर वैतागली, पण वसाहती गडद निळ्या झाल्या! डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये रंग उतरवून 610 नॅनोमीटरला मोजला. सॅलिसिलेट (हे एन्झाइम बनवायला पेशीला चालना देतं) घालून वाढवलेल्या पेशी आणि नुसत्या ग्लुकोजवरच्या, दोन्ही शेजारी ठेवा, फरक डोळ्यांनाच दिसतो.

अरे हो, इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) 'फक्त सोमवार ते बुधवार डिलिव्हरी' असं लाल पेनाने लिहा आणि स्वतःचा मोबाइल नंबर द्या. आणि निळा रंग दुसरे काही ऑक्सिजनेजही देतात, परीक्षक हे विचारतातच. म्हणून या एन्झाइमच्या जनुकाचा पीसीआर (डीएनएच्या प्रती काढून जनुक ओळखायची चाचणी) आधी करून ठेवा, त्याचे प्रायमर (त्याला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवायलाही तीन कोटेशनं लागतात.