उन्हाळी नव्हती ती

एप्रिलात लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा मला वेगळं काही वाटलंच नाही. नाशिकला अंबडच्या कंपनीत दिवसभर पत्र्याच्या शेडखाली उभं राहायचं, पाणी प्यायचं भान नाही. उन्हाळी लागली असेल. रूममेटने सब्जा भिजवून दिला, आईने फोनवर धने-जिऱ्याचं पाणी प्यायला सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी चड्डीला पिवळट डाग दिसला. पू होता. उन्हाळीत पू येत नाही, एवढं मलाही कळत होतं.

तरी डॉक्टरकडे गेलो नाही. सिडकोतल्या एका मेडिकलवर गर्दी कमी व्हायची वाट बघत दहा मिनिटं उभा राहिलो आणि दुकानदाराला हळूच सांगितलं. त्याने "गरम पडलंय" म्हणत पाच गोळ्या कागदात बांधून दिल्या. तीन घेतल्या, बरं वाटलं, उरलेल्या दोन ड्रॉवरमध्ये टाकल्या. पंधरा दिवसांत सगळं जसंच्या तसं परत.

मग रात्री 1097 ला फोन लावला. हा एड्स नियंत्रणाचा टोल फ्री नंबर आहे. पलीकडच्या बाईंनी ना नाव विचारलं, ना ओरडल्या. म्हणाल्या, सरकारी दवाखान्यात लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे जा, फुकट आहे. म्हणजे सिव्हिल. माझी अडचण अशी की आमचं गाव निफाडकडचं, आणि गावातलं कोणी ना कोणी रोज सिव्हिलला आलेलंच असतं. त्र्यंबक रोडवर गाडी लावली तेव्हा तोंडाला रुमाल बांधलेलाच होता, तो मी सोडलाच नाही. आत अर्धे लोक तसेच बसलेले होते.

डॉक्टरांनी पाच मिनिटांत तपासलं. करड्या रंगाचं एक पाकीट पुढे केलं आणि त्यातल्या सगळ्या गोळ्या तिथेच पाण्याबरोबर घ्यायला लावल्या. प्रमेह म्हणजे गनोरिया आणि क्लॅमिडिया, संबंधांतून लागणारे हे दोन्ही आजार एकत्र असू शकतात, म्हणून दोन्हींवरचं औषध एकदमच देतात. मेडिकलच्या गोळ्यांचं सांगितल्यावर मात्र ते वैतागले. अर्धवट डोसाने जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. सात दिवसांनी परत बोलावलं आणि तोवर संबंध बंद. रक्तही तपासून घ्या म्हणाले, एचआयव्ही आणि सिफिलिससाठी.

त्यासाठी समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. मी धरून चाललो होतो की आता प्रवचन ऐकावं लागणार. त्यांनी आधी संमतीचा कागद पुढे सरकवला. एचआयव्हीची चाचणी तुमच्या होकाराशिवाय करता येत नाही आणि रिपोर्ट दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही, तसा 2017 चा कायदाच आहे. मग विचारलं, "कंडोम वापरता का?" मी म्हटलं, हो, वापरतो की. "सुरुवातीपासून, का शेवटी?" मी गप्प.

त्यांनी ड्रॉवरमधून लाकडी मॉडेल आणि एक पाकीट काढलं. "लावून दाखवा." खोलीत पंखा फिरत होता तरी मला घाम फुटला. मी पाकीट दाताने फाडलं. "झालं, पहिली चूक." मग कंडोम उलटा धरला, उलगडेना म्हणून पलटवून दुसऱ्या बाजूने लावायला लागलो. मॅडमनी हात धरला. उलटा टेकला की तो टाकूनच द्यायचा, कारण टोकाला जे लागायचं ते लागलेलं असतं. नवीन घ्यायचा, टोक चिमटीत धरून हवा काढायची, मुळापर्यंत उलगडायचा. बाहेर येताना ताठरपणा जायच्या आत, बुडाशी धरून. मग गाठ मारून कागदात गुंडाळून कचऱ्यात, संडासात नाही.

"कोरडं वाटलं तर काय लावता?"

"खोबरेल."

त्या हसल्या नाहीत, पण पेन खाली ठेवलं. तेलाने, व्हॅसलिनने लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं. पाण्यावर आधारित जेलच हवं, ते मेडिकलवर मिळतं. आणि कंडोम ठेवता कुठे? गाडीच्या डिकीत. नाशिकच्या एप्रिलात, दिवसभर पार्किंगमध्ये. सत्ताविसाव्या वर्षी मी या विषयात सपशेल नापास झालो होतो. कंडोम फाटलाच, आणि समोरच्याला एचआयव्ही आहे किंवा असण्याची शक्यता आहे, तर 72 तासांच्या आत यायचं; 28 दिवसांची औषधं सुरू करतात, जितकी लवकर तितकी बरी. हे मला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं.

रक्ताचे दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. लागण नुकतीच झाली असेल तर चाचणीत लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा या, म्हणाल्या. मी उठायला लागलो तर, "बसा. जोडीदाराला कधी आणताय?"

इथे माझी खरी फजिती झाली. आमचं सहा महिन्यांपासूनचं. तिला काहीच त्रास नव्हता. मॅडम म्हणाल्या, बायकांना बऱ्याचदा त्रास होतच नाही, आणि आतल्या आत गर्भनलिका खराब होऊ शकतात. तिने औषध घेतलं नाही तर मला परत होणार. "पण मॅडम, आलं कोणाकडून?" माझं पुण्यात आधी एक प्रकरण होतं, तिचंही कॉलेजात होतं. त्या म्हणाल्या, कित्येक महिने लक्षण न दाखवता हे अंगात राहू शकतं, ते शोधून काढता येणार नाही आणि त्या भांडणात औषध राहून जाईल.

गोदापार्कला बसून सांगितलं. पाठ केलेलं सगळं विसरलो. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग एकच विचारलं, "किती दिवसांपासून माहितीये तुला?" जळजळीला महिना झाला होता. कोणाकडून आलं, यापेक्षा तो महिना तिला जास्त लागला, आणि ते बरोबरच होतं. आठवडाभर फोन उचलला नाही.

सिव्हिलला यायची तिची तयारी नव्हती. एका खाजगी लेडी डॉक्टरकडे गेली, तर तिथे पहिला प्रश्न "मिस की मिसेस?" आणि दुसरा "घरी माहितीये?" ती उठून आली. शेवटी माझ्याबरोबर सिव्हिललाच आली, औषध घेतलं, रक्त दिलं. मॅडमनीच तिला एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणाऱ्या विषाणूच्या लशीचं सांगितलं. हा विषाणू कातडीच्या स्पर्शानेही पसरतो, त्यामुळे कंडोम धोका कमी करतो, पूर्ण टाळत नाही. लस पुण्याच्या सीरमची, खाजगीतून पैसे भरून तीन डोस. मी हेपॅटायटिस बीच्या, म्हणजे लिव्हरच्या आजारावरच्या लशीचे डोस सुरू केले: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी.

ऑगस्टात तीन महिन्यांची चाचणी होती. पावसाने गोदावरी फुगलेली, रस्त्यात गाडी दोनदा बंद पडली. ती बाकावर बसून माझं हेल्मेट पुसत होती. मॅडमनी कागद पाहिला, निगेटिव्ह म्हणाल्या, आणि दुसऱ्या नंबरला हाक मारता मारता मला विचारलं, "डिकीतून काढले का?"