आठचा ठोका, बार्सिलोना

माझे सासरे रात्री आठला जेवतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन जमाना झाला, पण ताट आठला पुढ्यात आलं नाही तर ते काही बोलत नाहीत, नुसते घड्याळाकडे बघतात. ते बोलण्यापेक्षा वाईट असतं. अशा माणसाला आम्ही मे अखेरीस बार्सिलोनाला नेलं. पहिल्याच संध्याकाळी ग्रासिया भागातल्या एका हॉटेलच्या दारात आठला पाच कमी असताना हजर झालो, तर आत एक मुलगा निवांत टेबलं पुसत होता. स्वयंपाकघर साडेआठला उघडेल, असं त्याने अत्यंत सौजन्याने सांगितलं. बाहेर चक्क ऊन होतं.

साडेआठला पुन्हा गेलो. अख्ख्या हॉटेलात आम्हीच. दहाच्या सुमाराला, आमची बिलाची मागणी चालू असताना, गावातली खरी गिऱ्हाईकं येऊ लागली: आजी-आजोबा, कडेवर पोरं, बाबागाडीत झोपलेली तान्ही बाळं. सासूबाई त्या बाळांकडे बघून एवढंच म्हणाल्या, “यांना उद्या शाळा नाही का?”

दिवसा काही तक्रार नव्हती. साग्रादा फामीलिया हे चर्च बघितलं. १८८२ पासून बांधकाम चालू आहे हे ऐकून सासऱ्यांना आपल्या खात्यातले प्रकल्प आठवले असावेत, कारण त्यांनी ठेकेदाराविषयी बरेच प्रश्न विचारले. जायचं तर दुपार कलल्यावर जावं. पूर्वेकडच्या खिडक्यांच्या काचा निळ्या-हिरव्या आणि पश्चिमेकडच्या तांबड्या-नारिंगी. उतरतं ऊन आलं की खांब, जमीन, माणसांचे चेहरे सगळं केशरी होतं. सासूबाईंची पांढरी साडीही. त्याचा वास्तुकार गाऊदी याने उजेडाचा विचार घड्याळाकडे न बघता केला होता, हे तेव्हा नुसतं छान वाटलं. त्याचा आमच्या जेवणाशी संबंध आहे हे नंतर कळलं.

दुपारचं जेवण दोनला. त्यात ठरावीक किमतीत दोन पदार्थ, गोड आणि पाव येतो, आणि शाकाहारी माणसाने आधी चौकशी करावी हे बरं, कारण पालकाच्या भाजीतही मनुका आणि चिलगोज्यांच्या आडून हॅमचे तुकडे डोकावतात. आमचा भरवसा दोन गोष्टींवर. एक म्हणजे टोमॅटो चोळून वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ घातलेला पाव. दुसरी एस्कालिवादा: वांगी आणि ढोबळी मिरची आख्खी भाजायची, साल काढून पट्ट्या करायच्या, वर तेल. सासूबाईंनी चव घेऊन निकाल दिला, “भरीतच आहे. ठेचायचं आणि फोडणी घालायचं राहून गेलंय.” जेवणानंतर गल्लीतली छोटी दुकानं पाचपर्यंत बंद. हे मात्र पुण्याच्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

खरा प्रश्न पाच ते नऊ या वेळेचा. तो सोडवला माझ्या मुलीने, म्हणजे तिच्या हावरेपणाने. जुन्या शहरात पेत्रिचोल नावाची एक चिंचोळी गल्ली आहे, तिथे चॉकलेटची जुनी दुकानं आहेत. कपात गरम चॉकलेट येतं, चमचा उभा राहील इतकं दाट, आणि बुडवून खायला लांबट स्पंजसारखी बिस्किटं. सहा वाजता तिथली पोरं शाळेची दप्तरं टाकून हेच करत बसलेली असतात. म्हणजे दहाला जेवणारी माणसं उपाशी थोडीच राहतात!

सासऱ्यांना तेवढ्याने समाधान नव्हतं. ही माणसं एवढ्या उशिरा का जेवतात, याला आळस किंवा मौजमजा हे उत्तर त्यांना पुरेना. एका संध्याकाळी त्यांनी कागदी रुमाल पुढे ओढला. (इथल्या हॉटेलांतले हे रुमाल काहीही टिपत नाहीत, पण लिहायला उत्तम.) ग्रीनिचची रेषा खुद्द स्पेनमधून जाते आणि बार्सिलोना तिच्या जेमतेम दोन अंश पूर्वेला आहे. म्हणजे घड्याळ लंडनचं हवं. पण मार्च १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने घड्याळं तासभर पुढे करून बर्लिनशी जुळवली. युद्ध संपलं, फ्रँको गेला, तो तास काही परत आला नाही. त्यात उन्हाळ्यात घड्याळं आणखी एक तास पुढे करतात. त्यामुळे मे अखेरीस इथे खरी मध्यान्ह होते ती पावणेदोन उलटल्यावर. दोनचं जेवण म्हणजे सूर्याच्या हिशेबाने बाराचं!

“आमचे वडील सांगायचे,” ते म्हणाले, “मुंबईने प्रमाणवेळ कित्येक वर्षं मानलीच नाही.” खरं आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी १९५५ पर्यंत मुंबईची स्वतःची वेळ होती, ३९ मिनिटं मागे. तिथे लोक घड्याळाशी भांडले. इथल्या लोकांनी घड्याळ मुकाट्याने पुढे जाऊ दिलं आणि जेवण होतं तिथेच, सूर्यापाशी ठेवलं. मला हा दुसरा मार्ग जास्त हुशारीचा वाटतो.

मग वजाबाकी झाली. बार्सिलोनाचं घड्याळ सूर्याच्या एक तास एक्कावन्न मिनिटं पुढे, पुण्याचं पस्तीस मिनिटं पुढे. फरक सव्वा तास. “म्हणजे आपले आठ हे इथले सव्वानऊ,” असं जाहीर करून त्यांनी त्या क्षणापासून सव्वानऊचा आठ केला. सासूबाईंना हे गणित पटलं नाही. त्यांचं मत, दिवेलागण झाल्यावर तासाभराने जेवायचं, त्यात पुणे काय नि परदेश काय. इथे सूर्य मावळतो सव्वानऊला. त्यांच्या हिशेबाने जेवण सव्वादहाला येतं, आणि गंमत म्हणजे गाव त्यांच्याच बाजूने होतं.

शेवटी आम्ही प्लासा देल सोलमध्ये जाऊन बसलो. नावाप्रमाणे सूर्याचा चौक, पण भरतो तो सूर्य गेल्यावर. फरशीवर घोळक्याने बसलेली तरुण मंडळी, टेबलांमधून पळणारी मुलं, त्यांत आमचीही. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती आणि भांडण मात्र व्यवस्थित चालू होतं. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांचे मात्र हाल. या चौकातल्या रहिवाशांनी एकदा आपल्या बाल्कन्यांत आवाज मोजणारी यंत्रं बसवली होती, यात सगळं आलं. आपण चार दिवसांचे पाहुणे, आपल्याला गजबज गोडच वाटणार.

साडेअकराला सासऱ्यांनी आइस्क्रीम मागवलं. मी म्हटलं, “बाबा, तुमच्याच गणिताने पुण्यात सव्वादहा झाले. तुम्ही तर घोरत असता एव्हाना.”

त्यांनी रुमाल उलटा केला आणि माझ्याकडे पेन मागितलं.