गुडघा दाखवायला गेले होते

गुडघा दुखत होता म्हणून डॉक्टरांकडे गेले. बाहेर सगळ्यांसमोर काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्यांदा पुकारला: १०४. आत गेल्यावर गुडघ्याला हातसुद्धा न लावता 'आधी वजन कमी करा, मग बघू' असं ऐकवलं. बीपीचा पट्टा दंडाला पुरेना. दोनदा चर्रकन सुटला, तिसऱ्यांदा हाताने दाबून धरला. १५०/९६. लगेच गोळी सुरू झाली.

वजन काही मी कमी केलं नव्हतं असं नाही. तीन वेळा दहा-बारा किलो उतरवलं होतं आणि तिन्ही वेळा ते परत आलं. लोक म्हणत, तोंडावर ताबा नाही. मलाही तेच खरं वाटायचं. त्यानंतर वर्षभर मी कुठल्याच डॉक्टरांकडे फिरकले नाही, गुडघा ठणकत असूनही.

मैत्रिणीने आग्रहाने दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी दार लावून वजन घेतलं, लिहून ठेवलं, आणि विचारलं, "वजन कधीपासून वाढायला लागलं?" हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. सांगत गेले तसं माझंच मला दिसू लागलं. सहा वर्षं रात्रपाळी. मग फुप्फुसाच्या आजारात कित्येक महिने स्टिरॉइडच्या गोळ्या. आईची आणि मावशीची अंगकाठी अशीच. माणसामाणसांच्या वजनात जो फरक असतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा ४० ते ७० टक्के धरतात, असं त्यांनी सांगितलं. शिवाय वजन उतरलं की भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि शरीर कमी ऊर्जेत भागवायला लागतं. म्हणजे तिन्ही वेळा माझं शरीर गेलेलं वजन परत मिळवायला झटत होतं. हे ऐकून मला तिथेच रडू आलं.

मग मोठा पट्टा काढला. १३२/८४. लहान पट्ट्याने बीपी जास्त दाखवतं, हे तेव्हा कळलं. दोन आठवडे घरी योग्य पट्ट्याने मोजून आकडे दाखवल्यावर त्यांनी गोळी बंद केली. विनाकारण औषध खाल्लं याचा राग मला अजून आहे. सगळ्या मापांचे पट्टे आणि भक्कम खुर्च्या ठेवायला कितीसा खर्च येतो?

थायरॉईड ठीक निघालं. घोरण्यावरून स्लीप स्टडी झाली. झोपेत तासाला २२ वेळा श्वास अडकत होता. झोपेत श्वास मोकळा ठेवणारं मशीन लावून झोपायला लागले आणि पहिल्यांदा दुपारची पेंग गेली. गुडघ्यासाठी फिजिओथेरपी लगेच सुरू झाली, वजन उतरायची वाट न पाहता.

औषधाचं बोलणं त्यांनी मोकळेपणाने केलं. सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या २०२१च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं होतं. पण इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. "बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी वाढलं तर आपण पेशंटला रागावतो का?" असं त्या म्हणाल्या. लठ्ठपणा हा वर्षानुवर्षं सांभाळायचा आजार आहे, हे मला त्या एका वाक्यात पटलं. मी इंजेक्शन सुरू केलं. सुरुवातीचे दोन महिने मळमळीने जीव नकोसा झाला, डोस हळूहळू वाढवत नेला. आहारतज्ज्ञ दर महिन्याला फोन करत. चौदा महिन्यांत १०४चे ९१ झाले.

गेल्या खेपेला मात्र दोन किलो वाढलेले होते. पूर्वी अशा वेळी मी अपॉइंटमेंट चुकवली असती. या वेळी गेले. बाईंनी आकडा पाहिला आणि विचारलं, "झोप कशी आहे?" मशीनचा मास्क फाटला होता, महिनाभर तसाच पडून होता. त्यांनी नवीन मास्क लिहून दिला आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली.