बेळगावात जमलेला कार्ब गोव्यात का रडतो

बुलेटला शॉर्ट बॉटल (आखूड, मोकळा सायलेन्सर) लावली की जो तो आवाज ऐकायला येतो. कार्बचं, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचं, कुणी विचारत नाही. माझी गाडी जुनी कास्ट आयर्न ३५०, मिककार्बचा व्हीएम२४ कार्ब. सायलेन्सर बदलल्यापासून थ्रॉटल सोडला की मागून फाटफूट, आणि गाडी तापली की पिकअपला आचके. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मिस्त्रीमामांना सांगितलं, तर म्हणाले, "आवाज बरा आलाय की रे, आणि काय पाहिजे तुला?"

मूळ सायलेन्सरमधले बफल जळका धूर अडवून धरतात. ती अडवणूक गेली की सिलिंडर जास्त रिकामा होतो आणि ताजी हवा जास्त आत येते. कार्बमधले जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) मात्र जुन्या हिशेबाचे. त्यात आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. एक किलो साध्या पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, ई२०ला साडेतेराच्या आसपास पुरते, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. म्हणजे सायलेन्सरला हात न लावताही जुनी गाडी थोडी लीनच चालते, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

जेट शोधत खडेबाजार पालथा घालण्याआधी गळती बघावी. सायलेन्सरच्या क्लॅम्पमधून बाहेरची हवा आत ओढली गेली तरी अशीच फाटफूट होते. गाडी थंड असताना चालू करून जोडावर साबणाचं पाणी टाकायचं, बुडबुडे लगेच दिसतात.

मग थ्रॉटल सोडल्यावरचं मिश्रण ठरवणारा स्क्रू. व्हीएम कार्बला तो फिल्टरच्या बाजूला असतो, हवेचा असतो. सैल केला की मिश्रण लीन. नंतरच्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) बुलेटच्या सीव्ही जातीच्या कार्बला तोच इंजिनच्या बाजूला, इंधनाचा. सैल केला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. दोन्ही गाड्या एकाच सवयीने पिळणारे मिस्त्री मी बघितलेत. माझा थोडा आत घेतला, फाटफूट बरीच कमी झाली. स्क्रू पार आत जाऊनही फरक पडत नसेल तर पायलट जेट (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारा) मोठा घ्यायचा.

सगळे पहिला हात घालतात तो मेन जेटला. खरं तर त्याचं काम पाऊण थ्रॉटलच्या पुढे. जांबोटीच्या रस्त्यावर पाऊण थ्रॉटल मारतं कोण? तिथे राज्य निडलचं, मधल्या थ्रॉटलला पेट्रोल मोजणाऱ्या सुईचं. तिच्यावरची क्लिप एक खाच खाली सरकवली की निडल वर येते आणि पेट्रोल वाढतं. माझे आचके तिथेच गेले.

मेन जेटसाठी मात्र हायवेच लागतो. भल्या सकाळी काकतीच्या पुढे नवा प्लग लावून पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवली, एकदम क्लच दाबून चावी बंद, आणि घरंगळत कडेला. फडक्यात धरून प्लग काढला. टोकाकडे बघून उपयोग नाही. चिनी मातीच्या दांड्याच्या अगदी मुळाशी, आत खोल, जी कडा दिसते ती बघायची. माझी पांढरीफटक होती, म्हणजे लीन. जेट एक नंबर मोठा घातल्यावर तिथे फिकट तपकिरी कडा आली.

इथवर कुणीही सांगेल. आपल्याकडची गोष्ट वेगळीच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, इथली हवा गोव्यापेक्षा सात-एक टक्के विरळ. इथे काटेकोर जमवलेला कार्ब चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळीला पोचेपर्यंत लीन होतो, कारण खाली हवा दाट. वर आलं की गाडी पुन्हा शहाणी, म्हणून मिस्त्रीला दाखवायलाही काही उरत नाही! ज्यांचं येणंजाणं खाली आहे त्यांनी इथे थोडं रिचच ठेवावं. टिळकवाडीत प्लग जरा काळपट दिसला तरी चालेल, ॲव्हरेज थोडं पडलं तरी चालेल. पणजीच्या उन्हात पिस्टन तापण्यापेक्षा ते परवडलं. नव्या, इंजेक्शनवाल्या बीएस६ गाड्यांचे सेन्सर हवेचा दाब स्वतःच मोजतात, त्यांना घाटाचं काही नाही. पण पूर्ण थ्रॉटलला त्याही कंपनीच्या मॅपवरच, म्हणजे पेट्रोलच्या आधीच ठरवलेल्या हिशेबावर चालतात.

आवाजाचं म्हणाल तर कायद्याने दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो, आणि शेजारच्या आजी फुकट ओरडतात ते वेगळं. मी बफल परत आत घातला. त्यानंतर क्लिप पुन्हा एक खाच वर घ्यावी लागली. मेन जेट तोच ठेवला.