ऑगस्टातली लिंबं, एप्रिलातलं सरबत

गेल्या ऑगस्टात, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, श्रीगोंद्याहून मामेभावाचा फोन आला. "ताई, पुण्याला गाडी येतीय. दहा किलो लिंबं टाकतोय, उतरून घे."

मी म्हटलं, "अरे, आम्ही घरात चौघं. दहा किलोचं करू काय?"

"काय बी कर. हितं तोडणीची मजुरी सुटंना. झाडाखाली सडा पडलाय, बघवत नाही."

ते वाक्य मला लागलं. कारण चारच महिन्यांपूर्वी, एप्रिलात, मी भाजीवाल्याकडे एकेक लिंबू निवडून घेत होते. 2022 च्या एप्रिलमध्ये तर एका लिंबाला दहा-पंधरा रुपये मोजले होते आपण सगळ्यांनी. आणि तेच लिंबू पावसाळ्यात मातीत लोळतं. यामागचं गणित मला भावानेच समजावलं होतं. कागदी लिंबाला वर्षातून तीनदा बहार येतो: आंबिया, मृग आणि हस्त. आंबिया बहार सगळ्यात मोठा, त्याची फळं उन्हाळा सरता सरता आणि पावसाळ्यात उतरतात. उन्हाळ्यात हवं असलेलं लिंबू हस्त बहाराचं, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांचं. हा बहार मुळातच तोकडा, त्यात परतीच्या पावसाने फूल झडलं की संपलंच. म्हणजे तहान एका महिन्यात आणि लिंबू दुसऱ्याच महिन्यात, असा हा प्रकार आहे. तेव्हाच मनाशी ठरवलं, ही लिंबं लोणच्यात घालून संपवायची नाहीत, एप्रिलपर्यंत पोचवायची.

गोणी उघडली तेव्हा घरभर वास सुटला. पिवळी धमक, पातळ सालीची, काही अजून हिरवट. पहिलं काम मी बरोबर केलं. सगळी लिंबं जमिनीवर चादर पसरून ओतली आणि एकेक पुसून बघितलं. पावसाळी लिंबाला ओल राहिली की देठाकडून पांढरी-हिरवी बुरशी धरते आणि एक नासलं की शेजारची चार जातात. आठ-दहा टाकून द्यावी लागली. बाकीची धुऊन, कोरडी करून पंख्याखाली ठेवली.

यानंतर मात्र दोन वेळा माल वाया गेला. तेच जरा सविस्तर सांगते, कारण साखर आणि कष्ट दोन्ही त्यातच जातात.

पहिल्या दिवशी दोन किलो लिंबं घेतली. हात दुखायला नकोत म्हणून स्टीलच्या दांड्याच्या यंत्रात घालून जोर लावून शेवटच्या थेंबापर्यंत पिळली. रस, साखर आणि पुदिन्याची अख्खी जुडी एकत्र पातेल्यात घालून गॅसवर ठेवलं आणि दहा मिनिटं उकळलं. पुदिना डोळ्यांदेखत शेवाळी झाला, मग खाकी. गाळल्यावर सरबताचा रंग पावसाळ्यातल्या ओढ्यासारखा. चव त्या संध्याकाळी बरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चमचाभर चाखलं तर घशात कडवट धरलं.

हे असं का झालं, ते नंतर समजून घेतलं. लिंबाच्या बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात असं द्रव्य असतं, की ते पिळताना कडू लागत नाही, पण रसातल्या आंबटपणात राहिलं की काही तासांत त्याचं कडू लिमोनीन होतं. यंत्रात मी बिया चिरडल्या होत्या आणि सालही पिळून काढली होती. उकळल्याने ते आणखी उतरलं. पुदिन्याचं म्हणाल तर हिरव्या पानातल्या हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. आंबटात आणि उष्णतेत ते निसटतं आणि हिरव्याचं खाकी होतं. मेथीची भाजी झाकण ठेवून शिजवली की काळपट पडते, तसंच थोडंसं.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, लिंबाला विस्तव दाखवायचा नाही."

त्यांच्या माहेरी सोलापूरकडे रस आणि साखर चिनी मातीच्या बरणीत घालायचे, वर फडकं बांधून उन्हात ठेवायचे आणि दिवसातून दोनदा लाकडी डावाने ढवळायचे. चार दिवसांत साखर आपोआप विरघळते. पण ऑगस्टात पुण्यात ऊन आणायचं कुठून? म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही रस नुसत्या साखरेत ढवळत बसलो. हाताने पिळलेला रस, बिया लगेच बाजूला. चव सुरेख उतरली, जराही कडू नाही. पण इथे मी सासूबाईंचं दुसरं म्हणणं ऐकलं नाही. त्या म्हणत होत्या रसाच्या दुप्पट साखर. मला ती फार वाटली, मी रसाइतकीच घातली आणि बाटल्या ओट्यावरच्या फळीवर मांडल्या. तीन आठवड्यांनी एका बाटलीचं झाकण फिरवलं तर फस्सकन फेस वर आला, हातावर, ओट्यावर. नाकाला ताडीसारखा वास. आंबलं होतं. आपण साखर गोडीसाठी घालतो असं समजतो, पण साठवणीत ती राखणदार असते. ती पुरेशी असली की रसातलं पाणी स्वतःकडे धरून ठेवते आणि किण्वाला, म्हणजे आंबवणाऱ्या यीस्टला, जगायला पाणी उरत नाही. दोन बाटल्या मोरीत ओतताना भावाचं "बघवत नाही" आठवत होतं.

साधारण अर्धी लिंबं अजून शिल्लक होती, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कापडी पिशवीत. आता चूक परवडणार नव्हती.

आमच्या गॅलरीत गवती चहाचा मोठा ठोंब आहे. कोणी त्याला चहाची पात म्हणतं. पावसाळ्यात तो इतका माजतो की कुंडी दिसत नाही. चहात टाकून टाकून किती टाकणार? ती पात तोडताना नेहमी लिंबाचा वास येतो, आणि त्याला कारण आहे: गवती चहाच्या तेलात मुख्य असतं ते सिट्रल, आणि लिंबाच्या सालीतही थोडं सिट्रल असतंच. म्हणजे दोघांची नाळ एकच. लिंबाला विस्तव चालत नाही, पण गवती चहाला उकळतं पाणी हवंच, त्याशिवाय तो वास सोडत नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की पाक गवती चहाच्या पाण्याचा करावा आणि लिंबाचा रस त्यात थंड झाल्यावर घालावा.

बारा-पंधरा पाती घेतल्या. कडा धारदार असतात, हात फिरवला तर बोट कापतं, म्हणून कात्रीनेच कापाव्यात. धुऊन, बोटभर तुकडे करून, खालचा पांढरा दांडा बत्त्याने ठेचून घेतला, कारण ठेचल्यावर वास सुटतो. अर्धा लिटर पाणी खळखळलं की गॅस बंद, पाती आत आणि लगेच ताटली झाकण. ही ताटली महत्त्वाची. तेल वाफेबरोबर उडतं. उघड्या पातेल्यात स्वयंपाकघराला वास येतो आणि सरबताला येत नाही. वीस मिनिटांनी ताटली उचलली तर तिच्या आतल्या बाजूला थेंब जमले होते, फिकट, आणि त्यांनाच सगळ्यात जास्त सुगंध. ते थेंब मी पातेल्यात निथळू दिले. गाळून झाल्यावर चारशे मिलीच्या आसपास पाणी भरलं.

त्यात एक किलो साखर घालून विरघळेपर्यंतच गरम केलं. तारेचा पाक करायचा नाही, तो गार झाल्यावर खडे धरतो. उरलेली एक किलो साखर थेट लिंबाच्या रसात. रस लिटरभर. त्याला अडीच किलो लिंबं लागली. लिंबू आधी ओट्यावर तळहाताखाली दाबून गोल फिरवायचं, आडवं कापायचं आणि गाळणीवर धरून तीन बोटांनी पिळायचं. शेवटचा थेंब सालीतच राहू द्यायचा. बरीच लिंबं झाल्यावर बोटं चरचरायला लागतात, मग सासूबाई बसल्या, मग मुलगा बसला. पातेलं स्टीलचं, ढवळायला लाकडी डाव. पितळ किंवा अॅल्युमिनियम इथे अजिबात नको, आंबट त्याला खातं.

पाक पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे पातेल्याला बाहेरून हात लावला तरी कोमट लागत नाही असा, तो रसात ओतला. दोन चमचे सैंधव घातलं. रात्रभर झाकून ठेवलं, अधूनमधून ढवळलं. सकाळी तळाशी साखरेचा कण नव्हता आणि रंग फिकट सोनेरी, किंचित हिरवी झाक. उकळून, उपड्या घालून खडखडीत वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत भरलं आणि सरळ फ्रिजमध्ये. अडीच लिटरच्या वर सरबत झालं. उरलेल्या लिंबांचा नुसता रस काढून बर्फाच्या साच्यात गोठवला, तोही पुढे डाळीला, पोह्यांना पुरला. साली मीठ लावून ठेवल्या होत्या, दिवाळीला देवाची तांब्या-पितळेची भांडी त्यांनीच उजळली.

पुदिना बाटलीत घातलाच नाही. तो आयत्या वेळचा गडी आहे. पाच-सहा पानं, चिमूटभर साखर आणि चिमूटभर मीठ खलात घालून दोनदा बत्ता फिरवायचा, बस. लगदा केला तर पान तुरट होतं. ते पेल्याच्या तळाशी, त्यावर पोह्याचे चार चमचे सरबत, वरून माठातलं पाणी. फ्रिजचं पाणी मला इथे आवडत नाही. फार गार पाण्यात गवती चहाचा वास दबतो, माठाच्या पाण्यात तो आधी नाकाला कळतो आणि मग जिभेला. भिजवलेला सब्जा घातला तर मुलं आवडीने पितात. सासूबाई भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकतात. मी टाकत नाही, जिरं आलं की गवती चहा मागे सरतो, असं माझं मत आहे.

डिसेंबरात, फेब्रुवारीत, दर वेळी झाकण फिरवताना मी कान लावून ऐकत असे. फस्स नाही, फेस नाही. चव तशीच.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मामेभाऊ काही कामासाठी पुण्यात आला. दुपारी दोनचं ऊन, जिने चढून आला आणि दारातच रुमालाने मान पुसत उभा राहिला. मी काही न बोलता पेला हातात दिला. अर्धा एका दमात प्याला, मग थांबला, पेल्यात बघितलं.

"हे कुठलं लिंबू?"

"तुझंच. गोणीतलं."

"पार ऑगस्टातलं?" त्याने पेला परत नाकाशी नेला. "आणि हा वास कसला येतोय?"

मी त्याला गॅलरीत नेऊन ठोंब दाखवला. उन्हाळ्यामुळे पाती पिवळ्या पडल्या होत्या, पण एक पात चुरगळून त्याने हुंगली आणि बराच वेळ हात नाकापाशीच धरला. मग विचारलं, "बांधावर येईल का गं हे?" येईल म्हटलं, पाऊस पडला की लाव, पाणी साचू देऊ नकोस. आम्ही दोघांनी कुंडी आडवी केली, खुरप्याने ठोंब मधोमध फोडला आणि मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलं. तीच गोणी होती, त्याचीच.