चतुर्थीच्या तोंडावर लेझर मशीन रुसलं तेव्हा

नारळी पौर्णिमा झाली, मखरांच्या ऑर्डरी हातात, आणि मशीनने दगा दिला. मालवणात घराच्या पडवीत माझं ४० वॉटचं सीओटू लेझर आहे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसच्या ट्यूबमधून निघणाऱ्या किरणाने लाकूड कापणारं मशीन. हौस म्हणून घेतलेलं. ३ मिमी प्लाय ते एका फेरीत कापायचं. आता तीन फेऱ्या मारल्या तरी नक्षी सुटेना, कडा मात्र कोळशासारख्या काळ्या.

पहिला संशय किरण लाकडापर्यंत वळवून नेणाऱ्या आरशांवर. समुद्र हाकेवर, खाऱ्या वाऱ्याने इथे बिजागऱ्यासुद्धा दोन वर्षं टिकत नाहीत. मशीनचा प्लग काढून तिन्ही आरसे आणि लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. लेन्सवर धुराचा तपकिरी थर निघाला, पण फरक उन्नीस-बीसचा. मग आरशांपुढे मास्किंग टेप लावून, झाकण बंद ठेवून चारही कोपऱ्यांत एकेक ठिपका जाळून पाहिला. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, टेपवरचा डागच काय तो पुरावा. डाग एकावर एक पडले. म्हणजे आरसे सरळ होते, दीड दिवस फुकट गेला.

मशीन विकणाऱ्याला फोन केला. तो न बघताच म्हणाला, "ट्यूब गेली, नवीन घ्या."

संध्याकाळी शेजारचे वायरमन काका आले. त्यांनी आरशांकडे पाहिलंच नाही. ट्यूबमधून किती वीज जातेय ते दाखवणारा मिलीअँपिअरचा काटा बघत बसले. १५ वर स्थिर राहायला हवा तो काटा थरथरत होता, आणि ट्यूबच्या टोकाशी बारीक चुरचुर. ट्यूब गार राहावी म्हणून बादलीतलं पाणी पंपाने तिच्यातून फिरत असतं, काकांनी तिकडे मोर्चा वळवला.

"झिला, पाणी खयचा घालतंस?"

"बावीचं."

"हात घातलंस कधी बादलीत, मशीन चालू असताना?"

घातला होता. मुंग्या आल्या होत्या, मी दुर्लक्ष केलं होतं. त्यावर जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. ट्यूबला १५-२० हजार व्होल्ट लागतात, आणि मी त्यात हात बुडवून पंप चालतोय का बघत होतो!

मग आठवलं. मे महिन्यात पाइप निसटून डिस्टिल्ड पाणी सांडलं, तेव्हा मी सरळ विहिरीचं भरलं होतं. मे महिन्यात आमची विहीर मचूळ असते. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, क्षार असले की वाट मिळते, आणि ट्यूबमधल्या गॅसला मिळायची ती वीज पाण्यात पाझरते. मधले दोन महिने कीचेनवर नावंच कोरत होतो. त्याला ताकद कमी लागते, म्हणून कळलं नाही.

बॅटरीवाल्याकडून ५ लिटरचे चार कॅन आणले. एक नुसता ट्यूब धुवायला फिरवून ओतून दिला, उरलेले तीन नव्या बादलीत. पाण्यातले बुडबुडे जाईपर्यंत पंप चालवला, मग लेझर सुरू केलं. काटा १५ वर खिळला. पहिल्याच फेरीत कमळाची पाकळी टक्कन खाली पडली.

बादलीला आता झाकण आहे. जुनं पाणी काकांनी माडाच्या आळ्यात ओतायला लावलं. माडाला खारं चालतं.